प्रतिसाद: फुकट जागा आणि कंटाळणारं मूल

"संग्रहालय फुकट असलं तरी तीन-चार वर्षांचं मूल पंधरा मिनिटांत कंटाळतं, मग एवढ्या लांब न्यायचं कशाला" हा मोठ्या शहरात लहान मुलांना फुकट जागी नेण्याच्या चर्चेत आलेला मुद्दा मला निम्माच पटला. मूल कंटाळतं हे खरंच आहे. पण तिकीट काढलेलं नसलं की पैसे वसूल करायची घाई नसते, फुकट जागेचा हाच तर मोठा फायदा. एकच दालन ठरवायचं, तिथली एखादीच वस्तू मनसोक्त बघू द्यायची आणि बाहेर पडायचं. आमची लेक देवमाशाच्या सांगाड्याखाली मान वर करून फासळ्या मोजत बसली होती. पाचानंतर पुन्हा एकपासून. बाकीची दालनं राहिली ती राहिली.

अजून एक गोष्ट, जी या चर्चेत आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली दमवणारी. आणि बाबागाडीत सलग तासाभराहून जास्त बांधून ठेवू नये. मोठ्या शहरात नेमकं हेच राहून जातं, कारण निम्मा वेळ प्रवासात आणि रांगेत जातो. म्हणून संग्रहालय काय, वाचनालय काय, शेजारी बाग किंवा मोकळं मैदान आहे ना, हे मी आधी नकाशावर बघते. आधी तिथे पोटभर धावू द्यायचं, मग आत न्यायचं. उलट केलं तर धावाधाव दालनातच सुरू होते! आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते दारातच विचारून ठेवा.