दोन महिन्यांचे पिल्लू आणि दिवसभर कुलूप असलेले घर : सल्ला हवा आहे

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. महिनाभरापूर्वी वसमत रस्त्यावर एक कुत्री वाहनाखाली सापडून मेली आणि तिची चार पिल्ले रस्त्याकडेच्या नालीत राहिली. तिघांना घरे मिळाली. चौथी, तांबूस अंगाची आणि पांढऱ्या पायांची, आम्ही घरी आणली व तिचे नाव भिंगरी ठेवले. डॉक्टरांनी दात पाहून तिचे वय साधारण नऊ आठवडे असावे असे सांगितले आहे.

आतापर्यंत मी रजेवर होते, परंतु येत्या सोमवारपासून मला कामावर रुजू व्हायचे आहे. शासकीय कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्यामुळे शनिवार-रविवार मोकळे असतात, मात्र इतर दिवशी वेळ ९.४५ ते ६.१५ अशी लांबली आहे. यजमान सकाळच्या गाडीने सेलूला जातात आणि रात्रीच परततात. म्हणजे मी सव्वानऊला कुलूप लावले की साडेसहापर्यंत घरात कोणीही नसते. मधली सुट्टी अर्ध्या तासाची आहे आणि कार्यालय घरापासून दोन किलोमीटरवर आहे.

घर भाड्याचे, दोन खोल्यांचे, स्लॅबचे आहे. पुढे जाळी लावलेली ओसरी आणि मागे भिंतीने बंदिस्त असे लहानसे अंगण आहे. शेजारीच घरमालकांच्या आई राहतात. त्यांना भिंगरीचा लळा लागला आहे, पण त्यांच्याने फार वाकवत नाही. तिला कोठे ठेवावे, शी-शूचे काय करावे, खाणे किती वेळा द्यावे आणि पुढे उन्हाळा लागल्यावर कसे करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. तिला ठेवून घेणे हाच तिच्यावर अन्याय ठरणार असेल, तर तेही स्पष्ट सांगावे. मी ते ऐकण्याच्या तयारीनेच विचारत आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, फार चिंता करू नये. आमच्या शेतावर कुत्री बांधूनच वाढली आहेत. ओसरीवर मऊ दोरीने बांधावे, जवळ पाण्याचे भांडे आणि खाली गोणपाट ठेवावे. दोन-चार दिवस रडेल, मग सवय होईल.

शहाबादी (लातूर)

बालाघाट दादांच्या अनुभवाविषयी आदर ठेवूनही मला असहमती नोंदवावी लागते. शेतावरच्या कुत्र्याभोवती दिवसभर माणसांचा, गुराढोरांचा वावर असतो, त्यामुळे ते बांधलेले असले तरी एकटे नसते. कुलूपबंद घरातील पिल्लाची गोष्ट निराळी आहे. एवढ्या लहान पिल्लाची दोरी बाजेच्या किंवा खुर्चीच्या पायात गुरफटली, तर ती सोडवायला कोणी नसते आणि गळ्याला फास बसू शकतो. शिवाय जनावर अवाजवी काळ आखूड दोरीने किंवा साखळीने जखडून ठेवणे हे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातील कलम ११ मध्ये बसते. तेव्हा बांधणे हा पर्याय आपण मनातून काढून टाकावा.

ताई, आपल्या प्रश्नाचा गाभा जागेचा नसून वेळेचा आहे असे मला वाटते. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्याहून एखादा तास अधिक ते जागेपणी लघवी धरू शकते, असा ठोकळ हिशेब आहे, आणि तोही कमाल मर्यादेचा आहे. म्हणजे भिंगरीला तीन तासांपुढे आवरणार नाही. हा तिच्या शरीराचा प्रश्न आहे, शिस्तीचा नव्हे. त्यामुळे सव्वानऊ तास तिला एकटे ठेवण्याची कोणतीही उत्तम पद्धत अस्तित्वात नाही. मधल्या फेऱ्यांना पर्याय नाही. खेळणी, जाळी, गादी हे सारे त्या फेऱ्यांच्या मधला वेळ सुसह्य करण्यासाठी आहे.

आपली मधली सुट्टी अर्ध्या तासाची आहे आणि अंतर दोन किलोमीटर आहे, तेव्हा निदान पहिले दोन महिने आपला डबा घरी येऊन खावा. आजींना वाकायला सांगू नये, परंतु साडेअकराच्या सुमारास मागचे दार उघडून तिला अंगणात सोडणे आणि दहा मिनिटे खुर्ची टाकून बसणे त्यांना जमेल का, हे विचारावे. चारच्या सुमारास येण्यासाठी गल्लीतील एखाद्या महाविद्यालयीन मुलीला दरमहा ठरावीक पैसे देऊन नेमावे. हे काम फुकट मागू नये. फुकटच्या कामाला चौथ्या दिवशी खाडा होतो आणि त्याचा त्रास पिल्लाला होतो. ती चार-पाच महिन्यांची झाली की दुपारची एक फेरी पुरेल. वर्षाच्या आत सलग सहा तासांपुढे तिला एकटे ठेवू नये, असे मी मानतो.

शी-शूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी पहिली चूक येथेच झाली होती. मी जुन्या चादरी अंथरून ठेवल्या. मऊ कापड म्हणजेच शू करण्याची जागा, हे त्या पिल्लाने पक्के धरले आणि पुढे वर्षभर आमच्या अंथरुणावर त्याचा हिशेब चुकता झाला. पिल्ले पायाखालच्या स्पर्शावरून जागा ओळखतात. भिंगरीला पुढे मातीवरच जायचे आहे, तेव्हा पहिल्यापासून माती द्यावी. पत्र्याचा उथळ ट्रे किंवा पसरट पाटी घेऊन तीत चार बोटे माती भरावी आणि ती झोपण्याच्या जागेपासून शक्य तितकी दूर ठेवावी. माती मात्र अशा ठिकाणची आणावी जेथे भटकी कुत्री फिरत नाहीत. एकदा लघवी टिपलेला कागदाचा तुकडा त्या मातीत पुरून ठेवला, की वासाने तिला जागा कळते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर लगेच तेथे नेऊन सोडावे आणि झाले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. घरात कोठे झाले तर ओरडू नये, नाक घासू नये. आपण घरी आल्यावर रागावलो, तर ती दुपारच्या शूचा आणि सायंकाळच्या रागाचा संबंध जोडू शकत नाही. आपल्या येण्याचीच तिला भीती बसते. जागा पुसताना फिनेल वापरू नये, ते पिल्लाच्या पंजांवाटे व चाटण्यातून पोटात जाते. साध्या पाण्याने धुऊन नंतर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसावे.

ठेवण्यासाठी मला ओसरीपेक्षा आतली खोली योग्य वाटते. ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकण्याची सवय लागते आणि मुले जाळीतून काठी घालतात. लहान पिंजऱ्यात दिवसभर कोंडू नये, कारण त्यात तिला स्वतःच्या घाणीतच बसावे लागते. खोलीच्या दाराला गुडघाभर फळी लावून तेवढी मोकळी जागा द्यावी. जमिनीवर बसून, तिच्या उंचीवरून खोली एकदा पाहावी. मोबाईलच्या तारा, चपला, उंदरांचे औषध, झुरळांचा खडू, मनुकांचा डबा हे सर्व तेव्हा दिसते. मनुका, द्राक्षे, कांदा, लसूण आणि चॉकलेट कुत्र्यांना विषासमान आहेत. अंगणात कण्हेर असेल तर तिच्याभोवती जाळी बांधावी.

गोदाकाठ (नांदेड)

शहाबादी यांनी सर्वच नेमके लिहिले आहे. मी केवळ उन्हाविषयी भर घालतो, कारण मार्चपासून आपल्याकडे हाच प्रश्न सर्वांत मोठा होतो आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणे नेहमीचेच आहे.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकते, आणि खोलीतील हवाच तापलेली असेल तर धापांचाही उपयोग होत नाही. स्लॅबचे छप्पर दुपारी तीननंतर आतून भट्टीसारखे होते, त्यामुळे सकाळी गार वाटलेली खोली चार वाजता कशी असते, हे एखाद्या रविवारी स्वतः तेथे बसून पाहावे. बहुतेक घरांत न्हाणीघराजवळची शहाबादी फरशीची जागा सर्वांत थंड राहते. पिल्लू आपणहून तेथे जाऊन पोट टेकत असेल, तर तीच त्याची जागा समजावी. कूलर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवावी, अन्यथा कोंदट दमटपणा वाढतो आणि कूलर निरुपयोगी ठरतो. केवळ कूलरवर विसंबू नये, कारण वीज कधी जाईल याचा नेम नसतो. खिडकीला ओल्या गोणपाटाचा पडदा, छतावर चुना आणि जड मातीच्या पसरट भांड्यांतून दोन ठिकाणी ठेवलेले पाणी यांना वीज लागत नाही. भांडी दोन अशासाठी, की एक सांडले तरी दुसरे उरावे.

दुपारच्या फेरीला येणाऱ्या व्यक्तीला उष्माघाताची लक्षणे सांगून ठेवावीत. थांबत नसलेली धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या आणि झोकांड्या दिसल्या, तर अंग साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवावे आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. बर्फात बुडवू नये.

हिरवा चुडा (जालना)

ताई, आपण रजेवर असताना ती क्षणभरही एकटी राहिली नसेल, आणि सोमवारी तिला एकदम तास-तास एकटे राहावे लागेल. माझ्या दृष्टीने हा बदल सर्वांत कठीण आहे. सोमवारला जितके दिवस उरले आहेत, ते सर्व या सवयीसाठी वापरावेत.

ती झोपाळलेली असताना दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटावे आणि अर्ध्या मिनिटात परत यावे. मग दोन मिनिटे, मग पाच. ती रडू लागण्यापूर्वी परतणे महत्त्वाचे आहे. खूप रडत असेल तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे यावे. रडून रडून पिल्लू गप्प होते, ते समजले म्हणून नव्हे, थकले म्हणून. किल्लीचा आवाज, चप्पल, पर्स ही निघण्याची चिन्हे ती लवकरच ओळखेल, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा किल्ली उचलून, चप्पल घालून पुन्हा घरातच बसावे. निघताना कुरवाळत निरोप घेऊ नये आणि परतल्यावर ती शांत झाली की मग जवळ घ्यावे. हे मनाला जड जाते, हे मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. आत पोकळी असलेले जाड रबराचे खेळणे बाजारात मिळते. त्यात भिजवलेली ज्वारीची भाकरी आणि दही कालवून भरावे, रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावे आणि नेमके निघताना द्यावे. चाटण्याने पिल्लू शांत होते आणि वीस-पंचवीस मिनिटांत त्याला झोप येते. आधी आपल्यासमोर दोन-तीनदा देऊन ते रबराचे तुकडे तोडत नाही ना, याची खात्री करावी. शिजवलेली हाडे एकट्या पिल्लाला कधीही देऊ नयेत, त्यांच्या चिरफळ्या घशात अडकतात. या वयाचे पिल्लू दिवसरात्र मिळून अठरा-वीस तास झोपते, त्यामुळे फेऱ्या नियमित झाल्या तर मधल्या वेळात ती बहुतेक झोपलेलीच असेल.

वासरूवाटा (उदगीर)

लसीकरणाचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. पार्व्हो व डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या साथीच्या आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात. तोपर्यंत तिला मोकळ्या रस्त्यावर सोडू नये, मात्र कडेवर घेऊन रिक्षा, ट्रॅक्टर, बँड, माणसे हे सर्व दाखवावे. पुढे एकटी असताना बाहेरच्या आवाजाला ती घाबरणार नाही. ती रस्त्यावरची असल्याने, तिचा दात किंवा नख लागून ओरखडा उठला किंवा रक्त आले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. आजींना आणि फेरीला येणाऱ्या मुलीलाही हे सांगावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा आणि सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा खाणे द्यावे. गाई-म्हशीचे दूध नको, त्याने हगवण लागते. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, त्याचा लाभ घ्यावा.

पूर्णाकाठ (परभणी)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याचे मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

मी रजा आणखी चार दिवस वाढवून घेतली आणि ते चारही दिवस केवळ दार लोटून बाहेर जाण्याच्या सरावात घालवले. पहिल्या दिवशी दीड मिनिटही जमले नाही. चौथ्या दिवशी चाळीस मिनिटे झाली. आता आजी साडेअकराला येतात, सव्वाला मी येते आणि चारला गल्लीतील बी. एस्सी.ची एक विद्यार्थिनी येते. तिला महिना दीड हजार रुपये ठरवले आहेत. आजींनी स्वतःहून आमच्या अंगणात लाकडी खुर्ची आणून ठेवली आहे आणि त्या आता दहा मिनिटांऐवजी पाऊण तास बसतात.

जुना मोबाईल कपाटावर ठेवून पहिल्या आठवड्यात दोन दिवस चित्रण केले. मी गेल्यावर सोळा मिनिटे ती दारापाशी बसून अधूनमधून रडली आणि नंतर आजी येईपर्यंत झोपली. ती सोळा मिनिटे पाहणे मला फार जड गेले. काल पुन्हा चित्रण केले, तेव्हा तिने रबराचे खेळणे संपवले, पाटीतील मातीवर जाऊन आली आणि न्हाणीघरासमोरच्या फरशीवर पसरली. पाटीबाहेर शू अजूनही दिवसाआड एकदा होते, पण मी रागवत नाही. तिला ठेवावे की नाही, या माझ्या प्रश्नाचे उत्तर कोणीच थेट दिले नाही, परंतु आपण सांगितलेल्या गोष्टी करताना ते मला मिळाले. भिंगरी आमच्याकडेच राहील.

कूलर कालच खिडकीत बसवला. तो सुरू होताच ती पाटीमागे जाऊन दडली, म्हणून येत्या शनिवार-रविवारी आम्ही दोघे घरात असताना तो पाच-पाच मिनिटे लावून तिला त्या आवाजाची सवय करणार आहोत.