'प्रेझेंटली' म्हणजे सध्या की थोड्या वेळात?

गिरणाकाठ:
धरणगावच्या भिल्ल पलटणीच्या काळातले जुने इंग्रजी कागद मराठीत आणतेय. एका पत्रात साहेब 'प्रेझेंटली' धुळ्याकडे निघतील असं आहे. मी 'थोड्याच वेळात' लिहिलं. तपासणारे सर 'सध्या' करा म्हणतात, कारण शब्दातच 'प्रेझेंट' आहे. 'सध्या निघतील' हे मराठी तरी होतं का?

पारोळेकर मास्तर:
तुमचंच बरोबर, ताई. क्रियापद भविष्यातलं आहे, तिथेच निकाल लागला. 'थोड्या वेळात' हा इंग्लंडात रुळलेला अर्थ. नोकरीच्या अर्जात 'प्रेझेंटली वर्किंग' लिहितात ते अमेरिकी वळण. मी मुलांच्या वहीत ते खोडतो.

तापीकर:
खोडता कशाला, सर? 'सध्या' हा अर्थ अमेरिकेनं काढलेला नाही. तो पंधराव्या शतकापासून आहे आणि स्कॉटलंडात कधी मोडलाच नाही. ताई, पत्र कोणाचं? 1825 मध्ये पलटण उभारणारा जेम्स आउट्रम स्कॉटलंडातल्या अ‍ॅबर्डीनला शिकलेला. लिहिणारा तिकडचा असेल तर नुसत्या कोशावर जाऊ नका, त्याची बाकीची पत्रं बघा.

पारोळेकर मास्तर:
दोन्ही चालतं म्हटलं तर मुलांना शिकवायचं काय?

चोपड्याची लेक:
1611 च्या बायबलात अंजिराचं झाड 'प्रेझेंटली' वाळतं, म्हणजे तत्क्षणी. उशीर त्या शब्दात नंतर शिरला. 'सून'सुद्धा जुन्या इंग्रजीत 'ताबडतोब' होता. माणसं 'लगेच' म्हणतात आणि वेळ लावतात, मग अर्थही सैल पडतो. आपला 'सध्या' मला दुसऱ्याच वाटेनं आलेला दिसतो. संस्कृत 'सद्यः' म्हणजे त्याच दिवशी, तत्काळ. मराठीत त्याचा अर्थ 'हल्ली' झाला. म्हणजे ताईंचे सर 'सध्या' म्हणतात तो शब्दही एकेकाळी घाईचाच.

रावेरची केळी:
आमच्याकडे कापणीच्या दिवशी व्यापारी फोनवर 'आते येस' म्हणतो आणि गाडी दुपार टळल्यावर येते. अहिराणीतला 'आते' म्हणजे हुबेहूब प्रेझेंटली. सरळ तोच लिहा!

पारोळेकर मास्तर:
ग्रंथात बोली नको. शिवाय रावेर-यावलची बोली लेवा गणबोली. सगळ्या खानदेशाला अहिराणी चिकटवू नका.

रावेरची केळी:
व्यापारी शिरपूरचा आहे, मास्तर, तो अहिराणीच बोलतो. आणि बोली ग्रंथात का नको? आमच्या आज्या त्याच भाषेत सगळा व्यवहार करत होत्या.

गिरणाकाठ:
पत्राखालची सही पुसट आहे, स्कॉटिश की इंग्लिश कळायला मार्ग नाही. तोवर 'थोड्याच वेळात' ठेवते. चालेल ना?

तापीकर:
केळीवाले भाऊ, 'आते'ला तेवढंच बांधू नका. 'आतेच उना' म्हणजे नुकताच आला, तिथे तर काळ मागे जातो. प्रेझेंटली असा मागे जात नाही.

रावेरची केळी:
'आतेच'मधल्या 'च'नं तो मागे नेला. नुसत्या 'आते'चं बोला.