बंगाल-आसामकडच्या बांगलादेश सीमेवर राहिलेल्यांनो, तिथल्या बायकांना भीती कोणाची वाटते?

निवडणूक जवळ आली की 'घुसखोर' आणि 'आपल्या लेकीबाळी' एकाच वाक्यात येतात. व्हॉट्सॲपवर तर बारा महिने. बदलीमुळे, लग्नामुळे, कामामुळे बांगलादेश सीमेजवळ राहिलेले बरेच मराठी लोक इथे आहेत, त्यांच्यासाठी हा धागा. (बेळगाव-निपाणीचा सीमाभाग वेगळा, तो वाद इथे नको.) मतं सगळ्यांकडेच असतात, तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. सीमा ४,०९६ किलोमीटरची, त्यातली २,२१७ एकट्या पश्चिम बंगालला. सगळ्यांचे अनुभव जुळतील अशी अपेक्षा नाही.

गोदाकाठ

बँकेत होते, बदली बनगावला. सियालदहहून लोकल येते, पुढे काही मैलांवर पेट्रापोलची सीमा चौकी. एकटी बाई म्हणून खोली मिळेना. शेवटी मिळाली ती एका माशीमांकडे (बंगालीत मावशी). त्या स्वतः एकाहत्तर साली लहानपणी पलीकडच्या, आता बांगलादेशातल्या, जेसोरहून आईच्या पाठोपाठ चालत आलेल्या. नव्याने येणाऱ्यांवर सगळ्यात जास्त राग त्यांचाच! "आम्ही जीव वाचवायला आलो, हे पोट भरायला येतात." यातली विसंगती दाखवायची हिंमत मला झाली नाही, आणि आता वाटतं, त्यांच्या लेखी ती विसंगती नव्हतीच.

पण नातीला अंधार पडल्यावर स्टेशनमागच्या रस्त्याने जाऊ द्यायच्या नाहीत, ते वेगळ्याच कारणाने. तिथे माणसांची ने-आण करणाऱ्या दलालांची पोरं बसायची. नवी मोटरसायकल, हातात दोन-दोन फोन. अख्ख्या गल्लीला त्यांची नावं, बापांची नावं पाठ होती. सगळी इथलीच.

आमच्या शाखेतल्या बचतगटातल्या काही बायकांची शेतं कुंपणापलीकडे होती. तारेचं कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेच्या साधारण दीडशे यार्ड अलीकडे असतं, त्यामुळे मधली जमीन भारताचीच, पण फाटकापलीकडची. फाटक ठरलेल्या वेळी उघडतं, ओळखपत्र जमा करून जायचं. बाईची झडती बाईनेच घ्यायची हा नियम चांगलाच. पण महिला शिपाई दुसऱ्या फाटकावर असली की या उन्हात ताटकळत उभ्या. घरच पलीकडे असेल तर आणखी पंचाईत. एकीच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. फोनाफोनी, परवानगी, मग किल्ली. सगळं नीट पार पडलं, पण त्या सुनेने पुढच्या खेपेला सातव्या महिन्यातच माहेर गाठलं. "सीमेवर बाई सुरक्षित आहे का" या प्रश्नाला तिचं उत्तर काय असेल, ते आपल्या चर्चांत कधी येत नाही.

माजी जवान, सातारा

ताई, तुमचं सगळं मान्य. पण घुसखोरी होतच नाही असं कोणी म्हणू नये. मी मालदा-मुर्शिदाबादकडे होतो. नदीच्या पट्ट्यात कुंपण घालणार कुठे? पात्र दरवर्षी सरकतं. पौषातल्या धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. तस्कर कोयते घेऊन अंगावर येतात, आमच्या पोरांना टाके पडलेत.

बायका पकडल्या जायच्या त्या बहुतेक मुंबई-बंगळूरला धुणीभांडी करायला निघालेल्या. काही अगदीच कोवळ्या पोरी, सोबत 'मावशी' किंवा 'नवरा'. २००९ पासून सीमा सुरक्षा दलात महिला शिपाई आल्या, त्यांच्यापुढे या पोरी थोडं तरी बोलायच्या. आम्हाला बघून तोंड शिवल्यासारख्या गप्प.

आसामची सून

माझं सासर नगावचं. सासरे १९७९ ते ८५ च्या घुसखोरांविरुद्धच्या आसाम आंदोलनात लाठ्या खाल्लेले. आमच्या घरात बोलणं व्हायचं ते जमिनीचं, भाषेचं, मतदार यादीचं. बायकांच्या सुरक्षेचं नाव मी तिथे फारसं ऐकलं नाही, ते इकडच्या वाहिन्यांवर ऐकलं. सासऱ्यांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही, डोळ्यांदेखत गाव बदललेला माणूस आहे तो.

पण ऑगस्ट २०१९ मध्ये एनआरसीची, म्हणजे नागरिकांच्या नोंदवहीची, अंतिम यादी लागली, १९,०६,६५७ लोक बाहेर. आमच्याकडे कामाला येणारी बाई त्यांतलीच. वडील यादीत, भाऊ यादीत, ही नाही. जन्मदाखला नाही, शाळा नाही, अठराच्या आत लग्न. बापाची मुलगी असल्याचा पुरावा म्हणजे गावपंचायतीचा दाखला, आणि तोच पडताळणीत अडकला. सासऱ्यांनीच तिला वकील गाठून दिला. मग रात्री जेवताना पुन्हा घुसखोरांवर बोलले. माणसं अशीच असतात.

बोरिवलीकर

आमच्या सोसायटीतल्या बायकांना भीती वाटते, ती खोटी का? सीमेचा अनुभव नाही, पण विचारतोय.

धागाकर्ती

खोटी नाही. पण भीती वाटावी असं काय घडलं, तेही लिहा.

बोरिवलीकर

घडलं काही नाही. बातम्या वाचतो.

गोदाकाठ

बातम्याच म्हणाल तर, २०२५ च्या जूनमध्ये बीरभूमच्या एका गरोदर बाईला दिल्लीतून उचलून बांगलादेशात ढकललं, ती तिथे तुरुंगात राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, डिसेंबरात तिला परत आणलं. तीही वाचली असेलच.

कार्यकर्ती, पुणे

बुधवार पेठेतून सोडवलेल्या मुलींसोबत काम करते. पार्लरची नोकरी किंवा लग्न, आमिष यापलीकडे क्वचितच. विचारलं की पहिलं उत्तर "कोलकाता". तसं पढवलेलं असतं. खरं गाव सांगितलं तर आपणच आरोपी ठरू ही धास्ती असते, आणि ती अगदीच निराधार नाही, कारण विनाकागद प्रवेश हा गुन्हाच. पीडितेवर खटला भरू नये असं केंद्राने २०१२ मध्येच राज्यांना कळवलंय. ठाण्यापर्यंत ते पोहोचलेलं असतंच असं नाही, मग दर वेळी परिपत्रकाची प्रत घेऊन आम्हीच जातो.

परत पाठवायचं तर तिकडे घराचा पत्ता पडताळायचा, उच्चायुक्तालयाची कागदपत्रं, मग पेट्रापोल-बेनापोलला हवाली करणं. यात महिनोन्महिने जातात. मुलगी तोवर सुधारगृहात, म्हणजे कुलपातच.

जवानदादा, एक विचारायचं होतं. आमच्या तक्रारींत दलाल म्हणजे एक टोपणनाव आणि बंद पडलेला मोबाईल नंबर. तुमच्याकडे जास्त काही असायचं का?

माजी जवान, सातारा

नाही. तेवढंच. बनगावच्या गल्लीत मात्र बापाच्या नावासकट माहिती होती म्हणे.