मदत हवी आहे: ससा दिसला की आमची अगार कुत्री हाकेला येत नाही

नमस्कार मंडळी,

मी हंगेरीत देब्रेत्सेनला राहतो. आठ महिन्यांपूर्वी आम्ही तीन वर्षांची एक मादी दत्तक घेतली. जात मॉद्यर अगार, म्हणजे आपल्या कारवानी-मुधोळसारखा नजरेने सावज धरणारा इथला जुना शिकारी कुत्रा. नाव तिसा, इथल्या नदीवरून. उंची ६५ सेंमी, अंगावर वाघासारखे पट्टे.

लोक तिला ग्रेहाऊंड समजतात. नातं आहेच, १९व्या शतकात इंग्लिश ग्रेहाऊंडचं रक्त या जातीत आलं. पण ही हाडापेराने जास्त दणकट, डोकं रुंद, आणि थंडीत केसांखाली दाट लव येते. ग्रेहाऊंड थोड्या अंतरात सुसाट सुटतो, अगार मात्र लवकर दमत नाही. पूर्वी घोडेस्वारांबरोबर माळावरून लांबवर दौडत जायचे आणि मग ससा धरायचे, तो दम अजून रक्तात आहे. घरात मात्र इतकी शांत की आहे की नाही कळत नाही. दारावर अनोळखी माणूस आला तर एकदाच खोल आवाजात भुंकते आणि आमच्या मुलीच्या पुढ्यात येऊन उभी राहते. फार जीव लावलाय तिने.

गेल्या रविवारी गावाबाहेर शेताच्या कडेला पट्टा सोडला. धसकटातून ससा उठला. तिचे कान उभे, मान ताठ, आणि मी 'द्येरे!' (इथलं 'ये') ओरडेपर्यंत ती ठिपका झाली होती. चाळीस मिनिटांनी परत आली ती तारेने मांडी फाटलेली. नऊ टाके पडले. अंगावर चरबी नसल्यामुळे या कुत्र्यांना भूल जपून द्यावी लागते, म्हणून डॉक्टरही काळजीत होते. शिवाय कुत्र्यांकरवी सशाची शिकार इथे कायद्याने बंद आहे, आणि पलीकडे मोठा रस्ता आहे.

माझे आजोबा पंढरपूरजवळ कारवानी पाळायचे. ते शीळ घालायचे आणि कुत्रं धावता धावता वळायचं, एवढं मला आठवतं. कसं शिकवलं ते विचारायचं राहून गेलं. आता विचारायला ते नाहीत. कारवानी, पश्मी, मुधोळ पाळणाऱ्यांनी कृपया सांगा, हे जमतं का? की तिला कधीच मोकळं सोडू नये?

प्रतिसाद

दादा, आमच्याकडे लातूर भागात तीन पिढ्या कारवानी आहेत. नजर सशावर बसली की हाक कानात शिरतच नाही, तिचा दोष नाही. वळवायचं ते आधी. कान उभे राहतात त्या क्षणाला, पाय उचलण्याआधी. शीळ एकच ठेवा आणि ती फक्त मटणाच्या तुकड्याबरोबर, रोज, घरातच, दोन-तीन महिने. रागावून कधीच वाजवू नका. तरीही उघड्या रानात सोडू नका, कुंपण असलेल्या मैदानातच पळवा. लांब दोरी लावलीत तर गळ्याला नको, छातीच्या पट्ट्याला लावा. या वेगात दोरी संपली तर मानेला हिसका बसतो.

धागाकर्ता

खूप आभार. मघाशी स्वयंपाकघरातून आजोबांसारखी शीळ घालून पाहिली. टाक्यांची मांडी सांभाळत, लंगडत का होईना, ती उठून आली आणि हातातला तुकडा घेतला.