नेपथ्य म्हणजे सेट, की विंगेमागची जागा?

संहिता: एका नाटकाच्या अनुवादात पात्र दिसत नाही, फक्त हाक ऐकू येते. मी 'नेपथ्यातून हाक' लिहिलं. दिग्दर्शकांनी खोडून 'विंगेतून', म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, असं केलं; नेपथ्य म्हणजे सेट, असं त्यांचं म्हणणं. संस्कृत नाटकांत तर सरळ 'नेपथ्ये' एवढंच असतं. काय ठेवावं?

काळा पडदा: संस्कृतात तुमचंच बरोबर. भरताच्या 'नाट्यशास्त्र' या ग्रंथातला विकृष्ट मध्यम मंडप (मध्यम आकाराचं लांबट नाट्यगृह) ६४ हात लांब, ३२ हात रुंद. पुढचा निम्मा भाग प्रेक्षकांचा; मागच्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग केले की शेवटचा १६ बाय ३२ हातांचा पट्टा म्हणजे नेपथ्यगृह. पण आज जाहिरातीत 'नेपथ्य' वाचून कुणाला ती नटांची सजण्याची खोली, रंगपट, आठवत नाही. रूढ अर्थच खरा. 'विंगेतून' लिहा.

दोरखंड: 'विंगेतून' अपुरं आहे. बॉक्स सेट, म्हणजे तीन भिंतींची खोली, असेल तर विंगेतला आवाज फ्लॅटमागे (भिंत म्हणून उभ्या केलेल्या कापडी चौकटीमागे) दबतो आणि नटाने कुठे वळून बघायचं तेही ठरत नाही. 'डावीकडून', 'जिन्यावरून' असं लिहा. डावी बाजू नटाची धरायची, प्रेक्षकांची नाही.

आहार्य: 'रूढ अर्थच खरा' हे घाईचं विधान आहे. भरताने नेपथ्याचे चार प्रकार सांगितलेत: पुस्त, अलंकार (वेश-दागिने), अंगरचना (रंगभूषा), संजीव (रंगमंचावर आणलेले प्राणी). पुस्त म्हणजे कापड, कातडं, चटई वापरून केलेले डोंगर, रथ, विमानं. म्हणजे सेट त्या शब्दात आधीपासून होताच! मराठीने चारांतला एक ठेवला, बाकीचे वेशभूषा-रंगभूषेकडे गेले. सेटला नेमका शब्द हवा असेल तर 'पुस्त' घ्या.

काळा पडदा: 'पुस्त' म्हटल्यावर सुतार काय आणून देईल? शब्द कामातून येतात. रंगवलेल्या पडद्यांच्या काळात 'पडदा' पुरत होता. असे पडदे रंगवणारे कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव 'पेंटर' म्हणूनच ओळखले गेले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने तीन भिंतींची खोली उभी केली, तिला 'पडदा' कसं म्हणणार?

संहिता: माझं पात्र रस्त्यावर आहे, त्यामुळे 'आतून'ही चालत नाही.

आहार्य: मग निदान फ्लॅटला 'चौकट' तरी म्हणा.

दोरखंड: नको. चौकट दाराची. फ्लॅट म्हणजे चौकट, कापड आणि रंग मिळून. १० बाय ४ फुटांच्या चौकटीवर मांजरपाट किंचित सैल ठोकायचा, मग पातळ गरम सरस (चिकट डिंकासारखा गोंद) फिरवायचा. वाळताना कापड आवळतं. आधीच ताणून ठोकलं तर उभ्या पट्ट्या मध्ये आत ओढल्या जातात, दोन फ्लॅटमध्ये फट पडते आणि मागचा दिवा दिसतो.

काळा पडदा: मध्यावर आडवी पट्टी घातली की ओढ थांबते. खरा घात दाट सरसाने होतो. ट्रकमध्ये फ्लॅट एकावर एक घासले की रंगाच्या खपल्या निघतात.

आहार्य: सरसात खडू किती घालता, त्यावरही ते अवलंबून आहे. आणि 'खपली' जखमेची. रंगाचा 'पोपडा' निघतो.