मोरचुदाचं पाणी तापलं, पण वीज कुठे गेली?

जुना फ्यूज
नमस्कार. भाचीला रसायनशास्त्र समजावता समजावता मीच अडकलोय. काल १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून ढवळलं आणि त्यात जस्ताची पूड टाकली. पारा २६ वरून ३४ अंशांवर गेला, निळा रंग विटला, तळाशी लालसर गाळ बसला. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. मग मला हुक्की आली. हीच अभिक्रिया घटात (सेलमध्ये) वीज देते म्हणतात, म्हणून मल्टीमीटरची दोन्ही टोकं त्यात बुडवली. आकडा जरासा थरथरला आणि शून्यावर बसला. भाची म्हणाली, "मामा, बंध तुटले की ऊर्जा सुटते ना? मग तिची उष्णताच का झाली?" मी "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या आज आहे.

पाऊण व्होल्ट
दोन भांडी घ्या, क्षारसेतू (दोन्ही द्रावणांना जोडणारी, क्षारात भिजवलेली पट्टी) लावा. झालं.

जुना फ्यूज
ते पुस्तकातही आहे हो. मी 'का' विचारतोय.

बीकरवाली
आधी भाचीचं वाक्य दुरुस्त करू, कारण ही चूक मी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं ऐकली आहे. बंध तुटताना ऊर्जा सुटत नाही, खर्ची पडते. सुटते ती नवा बंध जुळताना. जुळताना जास्त मिळाली तर अभिक्रिया ऊष्मादायी, तोडायलाच जास्त लागली तर ऊष्माग्राही.

तुमच्या पेल्यातला हिशेब बघा. एक मोल (अणू मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) जस्त धातूतून सुटं करायला सुमारे १३० किलोज्यूल लागतात, तांब्याला ३३७च्या आसपास. म्हणजे तांब्याचे अणू एकमेकांना कितीतरी घट्ट धरून बसतात. जस्त सैल, ते विरघळतं; तांबं घट्ट, ते गाळ होऊन बसतं. इलेक्ट्रॉन काढण्या-घालण्यात आणि आयनांभोवती पाणी जमण्यातही ऊर्जेची बरीच उलाढाल होते, पण दोन्ही धातूंमधला तिथला फरक एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतो. शेवटी मोलमागे सुमारे २१८ किलोज्यूल बाहेर पडतात. तुमच्या ५ ग्रॅम मोरचुदात ०.०२ मोल तांबं, म्हणजे ४.४ किलोज्यूल. त्यात १०० मिली पाणी साधारण १० अंशांनी तापायला हवं. तुमचं ८ अंशांनी तापलं, उरलेली उष्णता पेल्याने आणि हवेने खाल्ली. हात चांगला आहे तुमचा.

आता वीज. जस्ताच्या कणावर तांब्याचा आयन थेट येऊन आदळतो आणि दोन इलेक्ट्रॉन जागच्या जागी हातोहात दिले जातात. व्यवहार परस्पर मिटला, तारेत यायला काही उरलंच नाही. इलेक्ट्रॉनांना तारेने लांबचा रस्ता घ्यायला लावायचा असेल, तर दोघांना वेगळं ठेवावं लागतं. डॅनियल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८३६ साली तेच केलं. क्षारसेतू नसेल तर जस्ताच्या बाजूला धनभार साचतो, तांब्याच्या बाजूला ऋणभार, आणि प्रवाह सुरू होताच थांबतो.

आणि यातली गंमत मला अजून आवडते: त्या २१८ पैकी सुमारे २१२ किलोज्यूल वीज म्हणून काढता येतात. पण घाई न करता. दोन्ही टोकं तारेने थेट जोडलीत तर परत सगळी उष्णताच.

तिरकी तार
जाता जाता एक तक्रार. आपल्याकडे ॲनोडला 'धनाग्र' म्हणतात, आणि या घटात जस्ताचा ॲनोड ऋण टोक असतो! विद्युत अपघटनात (बाहेरून वीज देऊन पदार्थ फोडताना) नाव चपखल बसतं, इथे पोरांचा घात करतं. भाचीला सांगा: जिथे ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटणं, तो ॲनोड. चिन्ह नंतर.

जुना फ्यूज
केलं! एकात झिंक सल्फेट आणि जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचूद आणि तांब्याची पट्टी, मध्ये पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवलेली गाळण कागदाची पट्टी. १.०७ व्होल्ट! भाचीने टाळ्या वाजवल्या. मग टॉर्चचा बल्ब लावला, तर ढिम्म. पट्ट्या मोठ्या घेतल्या तर व्होल्ट वाढतील का?

बीकरवाली
नाही. व्होल्ट धातूंच्या जोडीवर आणि द्रावणाच्या तीव्रतेवर ठरतात: इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद व्होल्टमध्ये मांडली तर तांबं ०.३४, जस्त उणे ०.७६, फरक १.१०. आकारावर प्रवाह ठरतो, आणि तुमचा प्रवाह त्या ओल्या कागदाच्या रोधातच अडकलाय. बल्बचा नाद सोडा. दोन घट एकसरीत जोडा आणि लाल एलईडी लावा. द्रावणं झाडांना किंवा मोरीत ओतू नका, मोरचूद विषारी आहे.

जुना फ्यूज
लागला! अंधार केल्यावर दिसतो, पण लागला. आता भाचीला जस्ताची पट्टी रात्रभरात किती झिजते ते वजन करून बघायचंय.

पाऊण व्होल्ट
१ मिलिअँपिअर १० तास म्हणजे ३६ कूलोम विद्युतभार. प्रत्येक घटात १२ मिलिग्रॅम जस्त.

जुना फ्यूज
आमचा काटा एका ग्रॅमच्या खाली बोलतच नाही. ती म्हणते, मग तीन महिने चालू ठेवू.