मदत हवी आहे: वरची सीमा १८ की २०?

मंडळी, संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं त्याला जमाना झाला, आता पोटापाण्याचं काम सगळं एक्सेलमधलं. हल्ली मानद व्याख्यानांची रेकॉर्डिंगं बघायचं खूळ लागलंय. सुरुवात इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या वॉल्ड व्याख्यानांपासून केली. तिथे एकाच वक्त्याला एकापेक्षा जास्त व्याख्यानं मिळतात, त्यामुळे विषय निवांत उलगडतो. (ज्यांच्या नावाने ती होतात ते अब्राहम वॉल्ड १९५० च्या डिसेंबरात भारतात विमान अपघातात गेले. आले होते तेही व्याख्यानं द्यायलाच.)

तर गाडं अडलंय ते असं. नाण्याला छापा पडायची संभाव्यता ०.५ की ०.६, हे तपासायचंय. लाइकलीहूड रेशो (आलेले निकाल ०.५ च्या तुलनेत ०.६ धरल्यास किती पट संभवतात ते) १ पासून सुरू करायचा. छापा पडला की त्याला १.२ ने (०.६/०.५) गुणायचं, काटा पडला की ०.८ ने (०.४/०.५). वहीत करून पाहिलं: छापा, छापा, काटा, छापा म्हणजे १.२, १.४४, १.१५२, १.३८२४. नाणं सरळ असेल तर गुणकाची सरासरी बरोबर १, म्हणून हे मार्टिंगेल (सरासरीने ना वाढणारी, ना घटणारी मालिका). इथवर डोक्यात शिरलं.

वॉल्डच्या रीतीत रेशो वरच्या सीमेला पोचला की ०.६ म्हणायचं, खालच्या सीमेखाली गेला की ०.५, आणि थांबायचं. α (सरळ नाण्याला ०.६ चं ठरवायची चूक) = ०.०५ आणि β (उलटी चूक) = ०.१० धरले तर वॉल्डची वरची सीमा (१ − β)/α, म्हणजे १८. खालची β/(१ − α), म्हणजे साधारण ०.१०५. आणि व्याख्यानातले वक्ते मात्र व्हिलच्या १९३९ च्या असमानतेवरून (सरळ नाण्याचा रेशो कधीही एखाद्या सीमेला पोचायची संभाव्यता १/सीमा पेक्षा जास्त नसते) २० म्हणतात! १/१८ तर ०.०५५६ होतात. मग चुकतंय कोण? कृपया मेझर थिअरीचं (संभाव्यतेच्या पायाशी असलेल्या गणिताचं) जाडजूड पुस्तक सुचवू नका, ते घरात आहे आणि त्यावर धूळही आहे.

प्रतिसाद १:
कुणीच चुकत नाहीये. तुमचं लक्ष वरच्या सीमेवर आहे, गोम खालच्या सीमेत आहे. वॉल्डच्या रीतीत रेशो ०.१०५ च्या खाली गेला की खेळ खलास. त्यातले काही पुढे चढत चढत १८ ला पोचले असते, पण त्यांना ती संधीच मिळत नाही. म्हणून वर १८ चालतात. व्हिलच्या असमानतेत खालून अडवणारं कुणी नाही, नाणं हवं तितका वेळ उडवा. मग हमी १/सीमा इतकीच, आणि ०.०५ हवे तर सीमा २०.

शिवाय वॉल्डची सूत्रं अंदाजी आहेत. रेशो नेमका १८ वर थांबत नाही, उडी मारून पुढे जातो. सलग १५ छाप्यांना १५.४ होतात, सोळाव्याला एकदम १८.५.

धागाकर्ता:
अरे वा! म्हणजे खालची सीमा काढून टाकली आणि वर १८ च ठेवले, तर ०.०५ ची हमी गेली, असंच ना?

प्रतिसाद १:
हो. असमानतेच्या जोरावर मग १/१८ एवढीच हमी देता येते.